उपकेंद्रातली वही काही केल्या जात नाही

अर्धवट_अभियंता

दिवाळीत गावी गेलो होतो. जिल्हा सातारा, तालुका मुद्दाम सांगत नाही. माझ्या चुलत वहिनी उपकेंद्रात आरोग्यसेविका आहेत. भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी त्यांचं एका वाडीवर लसीकरण सत्र होतं. एसटी बंद, म्हणून गाडीने सोडायला गेलो आणि काम नव्हतं म्हणून तिथेच बसून राहिलो.

एक बाळ आलं, नऊ महिने पूर्ण, गोवर-रुबेलाची लस. वहिनींनी कुपी फोडली, द्रावण मिसळलं आणि कुपीवर पेनने वेळ घातली, १०.४०. म्हटलं हे कशाला? म्हणाल्या, मिसळल्यापासून चार तास, पुढे उरलेली फेकायची. मग टोचलं. बाळ रडलं, आई रडली, आजी आम्हा सगळ्यांवर ओरडली. इथवर सगळं दोन मिनिटांत.

आता नोंदी. एक, बाळाच्या कार्डावर. दोन, मोठ्या रजिस्टरात. तीन, दिवसाच्या टॅली शीटवर उभी रेघ. चार, फोनवर यू-विन या लसनोंदणीच्या सरकारी अ‍ॅपमध्ये. ते उघडेना, म्हणून पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या चढून रेंज पकडायची. पाच, संध्याकाळी तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेल्या गूगल शीटमध्ये आकडा. सहा, महिनाअखेरीस एचएमआयएस या आरोग्य खात्याच्या पोर्टलवरच्या मासिक पत्रकात पुन्हा तोच. एक टोचणी, सहा नोंदी.

मी वीस वर्षं डेटाबेसमध्ये घालवली आहेत. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात की एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहा, बाकीच्यांनी तिथून वाचावी. मी वहिनींना म्हटलं, अ‍ॅप आलंय ना, मग ही रजिस्टरं बंद का करत नाही? त्या हसून म्हणाल्या, "भाऊजी, फोन न्या पाहिजे तर. वही राहू द्या."

माझा प्रश्न साधा आहे. आरोग्य खात्याकडे आज अ‍ॅपची कमी नाही, माणसांनाही फोन वापरता येतो. मग वही का जात नाही? माझं मत असं की हा निव्वळ सवयीचा भाग आहे. कुणीतरी एका तारखेपासून कागद बंद म्हणून आदेश काढला तर सहा महिन्यांत सगळे रुळतील. खात्यात काम केलेल्यांनी सांगावं.

पॉपकॉर्नवाली

वाचतेय. चहा ठेवलाय.

तिरकस

एक नोंद एकाच ठिकाणी? मग बाकीच्या पाच टेबलांवरच्यांनी काय पुसायचं, टेबल?

माजी_एमओ

३१ वर्षं काढली, त्यातली निम्मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि निम्मी तालुक्याला. अभियंता, तुमचा प्रश्न बरोबर आहे, निदान चुकलं आहे. सवय वगैरे नाही.

तुम्ही सहा मोजल्या त्या फक्त लसीच्या. त्याच बाईंच्या फोनवर गरोदर मातांचं आरसीएच पोर्टल आहे, क्षयरोगाचं निक्षय आहे, बीपी-शुगरचं एनसीडी आहे, साथरोगांचं आयएचआयपी आहे. शिवाय आभा, म्हणजे डिजिटल आरोग्य ओळखीचं कार्ड काढायचं उद्दिष्ट असतंच. ही सगळी वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या लेखाशीर्षातून केलेली आहेत. निक्षय २०१२ चं. आयएचआयपी २०२१ मध्ये आलं, त्याआधी साथरोगांचे एस, पी आणि एल असे तीन नमुने कागदावर जायचे: एस आरोग्यसेविकेचा, पी डॉक्टरचा, एल प्रयोगशाळेचा. प्रत्येक कार्यक्रमाला वर एक कार्यक्रम अधिकारी असतो आणि त्याला त्याचं पोर्टल हे बाळासारखं असतं. दुसऱ्याच्या बाळाबरोबर ते एका पाळण्यात झोपवायला कुणी तयार नसतं.

वरती हे पंधरा वेगळे रस्ते आहेत. खाली सगळे एकाच दारात येतात. कागदावर सपाटीला पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, डोंगरी-आदिवासी भागात तीन हजारांमागे. सातारा-पुण्याकडे वस्ती कुठल्या कुठे वाढली, उपकेंद्र तेच. त्यातून पद रिक्त असलं की शेजारच्या बाईंकडे अतिरिक्त कार्यभार. म्हणजे पंधरा गुणिले दोन.

आता आकड्यांबद्दल. १९९६ पर्यंत कुटुंबकल्याणाला उद्दिष्ट असायचं. एप्रिल १९९६ मध्ये ते देशभर कागदोपत्री काढून टाकलं. त्याआधी मार्च महिन्यात आमच्याकडे काय चालायचं ते इथे लिहीत नाही, पेन्शन चालू आहे. पण एक गोष्ट त्या काळात शिकलो. वरून आकडा मागितला की आकडा येतो. काम झालंय की नाही हा वेगळा प्रश्न. तेव्हा वहीत व्हायचं, आता अ‍ॅपमध्ये होतं. बारा वाजता वरिष्ठांची व्हीसी (व्हिडिओ बैठक) असली की साडेअकराला सगळ्या जिल्ह्याचे डॅशबोर्ड हिरवेगार होतात, पावसाळ्याशिवाय.

कोकणी_खेकडा

>> साडेअकराला सगळ्या जिल्ह्याचे डॅशबोर्ड हिरवेगार

ठार मेलो.

लंडनचा_पाऊस

इथे सगळ्यांना वाटतं की हे आपल्याकडचंच. मी गेली १४ वर्षं इंग्लंडात आहे, एक किस्सा सांगतो.

२०२० चा सप्टेंबर-ऑक्टोबर. कोविडची दुसरी लाट चढत होती. प्रयोगशाळांकडून निकाल यायचे आणि ते पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी संस्थेत एक्सेलच्या फाइलमध्ये ओढले जायचे. एक्सेलचा जुना प्रकार, एक्सएलएस. त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळींपलीकडे काही बसत नाही. फाइल भरली, पुढच्या ओळी गुपचूप गळाल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवडाभरात १५,८४१ बाधित लोक रोजच्या आकड्यातून गायब! त्यांना स्वतःला निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कातल्यांना फोन करणाऱ्या यंत्रणेकडे नावं वेळेवर पोचलीच नाहीत.

जगातल्या श्रीमंत देशांपैकी एक, त्या कार्यक्रमावर अब्जावधी पौंड खर्च, आणि अडलं कुठे तर जुन्या एक्सेलच्या तळाशी. अभियंता, तुमच्या वहिनींची वही भरली की त्यांना निदान कळतं. दुकानातून दुसरी आणतात.

खिडकी_क्रमांक_४

थोडा विरोधी सूर लावतो, सगळे वहीच्या प्रेमात पडलेत म्हणून.

कोविन विसरलात काय? १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं, त्यावर २२० कोटींपेक्षा जास्त डोस नोंदले गेले. हातात प्रमाणपत्र, क्यूआर कोड, विमानतळावर चालायचं. हे वहीवर झालं असतं? लसींच्या साठ्याचंच घ्या. ई-विन ही ऑनलाइन व्यवस्था आल्यापासून शीतपेटीचं तापमान चोवीस तास मोजलं जातं, दोन ते आठ अंशांच्या बाहेर गेलं की शीतसाखळी सांभाळणाऱ्याच्या मोबाइलवर मेसेज. पूर्वी तापमानाचा तक्ता शीतपेटीच्या दारावर चिकटवलेला असायचा आणि महिनाभराच्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदी एकाच शाईने, एकाच बसणीत लिहिलेल्या दिसायच्या. चार अंश, चार अंश, चार अंश. रविवारीसुद्धा चार अंश, केंद्राला कुलूप असताना.

माजी_एमओ

@खिडकी, तक्त्याचं अगदी खरं. मी सह्या केल्या आहेत त्यावर. ई-विनवर माझा आक्षेप नाहीच. ते चाललं कारण तिथे यंत्र स्वतः मोजतं, बाईंना काही भरावं लागत नाही.

मिरजेचा_तंबोरा

कोविनची ती मे महिन्यातली आठवण काढू नका हो. १८ ते ४४ वाल्यांना १ मे २०२१ पासून उघडलं आणि सुरुवातीला ऑनलाइन स्लॉट घेतल्याशिवाय लसच नाही. आमच्या तालुक्याच्या गावात केंद्र, आणि रांगेत कोण? पुण्याहून गाड्या घेऊन आलेली पोरं. त्यांच्याकडे वेगवान नेट, दोन-दोन लॅपटॉप, स्लॉट पडला की सेकंदात खलास. गावातला माणूस पारावर बसून गाड्यांचे नंबर मोजतोय, एमएच १२, एमएच १४, एमएच १२. मराठीत ते पोर्टल दिसायला जून उजाडला.

अर्धवट_अभियंता

@मिरजेचा_तंबोरा, त्या गाड्यांपैकी एक माझी होती. माफ करा. :(

मिरजेचा_तंबोरा

केलं माफ. जाताना बसस्थानकासमोर भडंग तरी घेतलं होतंत ना?

हिशोबनीस

लेखापरीक्षणात आहे, त्यामुळे इथे माझी बाजू घेणारं कुणी नसेल हे गृहीत धरतो.

वही का जात नाही याचं एक कोरडं उत्तर: पुरावा. गावातल्या आशा सेविकांचा मोबदला कामावर आहे. अमुक बाळाचं लसीकरण पूर्ण झालं की तिला अमुक रुपये. क्षयरुग्णाला पोषणासाठी महिन्याला पैसे मिळतात, २०१८ पासून ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. हा सरकारी पैसा आहे, तो का दिला हे उद्या कुणीतरी विचारणार. अ‍ॅपमध्ये आहे म्हटलं तर मी विचारतो, नोंद कुणी केली? उत्तर येतं, लॉगिन बाईंचं आहे पण भरलं तालुक्याच्या डाटा ऑपरेटरने. पासवर्ड? तो भिंतीवर लिहिलेला. खडूने. हे मी स्वतः पाहिलं आहे, ठिकाण सांगत नाही.

वहीत निदान हस्ताक्षर असतं. खाडाखोड केली तर दिसते. पान फाडलं तर पृष्ठक्रमांक तुटतो, म्हणून पहिल्या पानावर "या नोंदवहीत १ ते २०० पाने आहेत" असं प्रमाणित करून घेतात. नव्या मुलांना त्याचं हसू येतं, पण ती सुरक्षाव्यवस्थाच आहे.

कागद बंद करायचा असेल तर आधी अ‍ॅपमधली नोंद कुणाच्या जबाबदारीवर धरायची ते ठरवा. ते ठरत नाही तोवर दोन्ही मागितलं जाणार. मागणारा मीच असेन, शिव्या मलाच द्या.

तिरकस

दिल्या.

नंदुरबारची_चिमणी

मी एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली आरोग्यसेविका आहे. पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे पाडे आहेत. एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायला दोन तास, मध्ये नदी. नर्मदेकाठच्या गावांना तर बोटीतला दवाखाना जातो. रेंज कुठे येते हे आम्हाला पाठ आहे, अमुक आंब्याखाली एका कंपनीची, टेकडीवर दुसरीची. मी दिवसभर वहीत लिहिते आणि संध्याकाळी आंब्याखाली बसून फोनमध्ये भरते. त्यामुळे अ‍ॅपमध्ये सगळी बाळं संध्याकाळी सातला जन्मलेली किंवा टोचलेली दिसतात. वरून विचारतात, रात्री सत्र घेता का?

दुसरं, ओटीपी. आभा काढायचं तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी. फोन घरात एक, तो नवऱ्याकडे, नवरा सुरतेला. मी त्याला फोन लावते, भाऊ एक नंबर आला असेल तो सांगा. तो म्हणतो, बँकवाल्यांनी सांगितलंय कुणाला सांगायचा नाही. बरोबरच आहे त्याचं! मग त्याची आई बोलते, बायको बोलते, तोवर ओटीपीची वेळ संपते.

तिसरं. दसऱ्यानंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं, होळीला परततं. बाळाचे डोस मध्येच राहतात. अ‍ॅपमध्ये नाव लाल होतं आणि आढावा बैठकीत मला उभं करतात, हे बाळ का राहिलं? माझ्या वहीत लिहिलेलं असतं, "मुकादमाबरोबर बारामतीकडे, होळीला येणार". अ‍ॅपमध्ये ते लिहायला जागा मला सापडली नाही.

पॉपकॉर्नवाली

चिमणीताई, चहा बाजूला ठेवला. लिहीत राहा.

कोकणी_खेकडा

सुरतेच्या भाऊंना दंडवत. देशात सायबर सुरक्षा नीट समजलेला एकच माणूस.

बालवाडीची_आजी

माझी सून अंगणवाडी सेविका. २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारला मोबाइल परत केले होते ते आठवतंय का कुणाला? ढीग लावले होते कार्यालयांत. फोन तापायचे, अडकायचे, दुरुस्तीला पदरचे पैसे, आणि नवीन आलेलं पोषण ट्रॅकर सुरुवातीला इंग्रजीत. ज्या बाईने चाळीस मुलांची वजनं तोंडपाठ सांगावी तिला "एक्झिस्टिंग बेनिफिशिअरी" म्हणजे काय ते शेजारच्या कॉलेजच्या पोराला विचारायला लागायचं.

आता नवीन भाषा, नवीन फोन, पण जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहाराला चेहरा जुळवणी आली. बाई पोटुशी असताना नाव घातलं, आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, आता चेहरा सुजलेला, डोक्यावर पदर. जुळेना. सून म्हणते, मी हिला लहानपणापासून ओळखते, माझी ओळख चालत नाही, फोनची चालते.

खिडकी_क्रमांक_४

आजी, मान्य. पण चेहरा जुळवणी का आणली तेही बघा. खोटी नावं घालून आहार उचलायच्या तक्रारी होत्याच की.

बालवाडीची_आजी

होत्या. आहार उचलणारे वेगळे आणि पदर बाजूला घे म्हणून ऐकून घेणारी वेगळी, एवढंच म्हणणं आहे.

चेन्नईत_पुरणपोळी

जरा अवांतर. चर्चा नोंदींवर आहे पण औषधांच्या बाबतीत हाच घोळ तामिळनाडूने कसा सोडवला ते सांगते, कारण सासरे तिथे सरकारी दवाखान्यात होते. १९९४ मध्ये त्यांनी औषधखरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं, आणि प्रत्येक दवाखान्याला एक पासबुक. बँकेचं असतं तसंच. वर्षाची रक्कम त्यात जमा, औषध उचललं की वजा. संगणकही होता, पण दवाखान्याच्या हातात पासबुकच. फार्मासिस्टला कळायचं, आपले किती उरले.

आपल्याकडे २०१७ मध्ये खरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे गेली, २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण करायचा कायदा झाला. मधल्या काळात बाहेरून आणायची चिठ्ठी किती जणांच्या हातात पडली ते इथले लोक सांगतीलच.

माजी_एमओ

पासबुकाची गोष्ट महत्त्वाची आहे, अवांतर नाही. ते आकडे वर पाठवायला नव्हतं, ज्याच्या हातात आहे त्याच्या उपयोगाचं होतं. बाकी २०२४ च्या मार्चमध्ये क्षयरोगाची औषधं कमी पडली आणि राज्यांना स्थानिक पातळीवर घ्या म्हणून कळवावं लागलं, तेव्हा निक्षयवर एकेका रुग्णाची नोंद होती. कोण कुठे किती दिवस औषध घेतोय सगळं दिसत होतं. गोळी नव्हती. पोर्टलला गोळ्या लागत नाहीत.

सिंहगड_रोडवासी

शहरवाल्यांनी हसू नये म्हणून लिहितो. जानेवारी २०२५, पुण्यात आमच्याकडे जीबीएस (गुलियन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार). धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव हा सगळा पट्टा. आमच्या सोसायटीतल्या एका काकांना आधी जुलाब, आठवड्याने पायातली ताकद गेली. खासगी रुग्णालयात होते. दहा-बारा दिवसांत नातेवाइकांच्या ग्रुपवर कळायला लागलं की अजून कुणाचे तरी मामा, कुणाची तरी मुलगी. पुढे रुग्ण दोनशेच्या घरात गेले, कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले, केंद्राचं पथक आलं, घरोघर सर्वेक्षण झालं.

माझा मुद्दा: जीबीएस तसा विरळा आजार. एका रुग्णालयात दोन-तीन रुग्ण आले तर डॉक्टरला वाटतं योगायोग. वेगवेगळ्या रुग्णालयांतले दोन-दोन एकत्र मांडले तरच साथ दिसते. ते एकत्र मांडणारं कुणी आधीपासून बसलेलं हवं. आणि पाणी? नांदेड, किरकटवाडी ही गावं २०२१ मध्ये शहराच्या हद्दीत आली. ग्रामपंचायत होती तोवर जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायचा, नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट घ्यायचा, पिवळं झालं की क्लोरीन आहे. साधी गोष्ट. हद्द बदलली की माणूस बदलतो, ती बाटली कुणाच्या कपाटात गेली याचं अ‍ॅप नाही.

धाव_धाव_मुंबई

@सिंहगड_रोडवासी, एकत्र मांडण्याबद्दल. २०२० मध्ये मुंबईत सुरुवातीला खाटेसाठी एकच हेल्पलाइन, १९१६, तिच्यावर सगळं शहर तुटून पडलेलं. मग २४ वॉर्डांत २४ वॉर रूम केल्या. प्रयोगशाळेचे निकाल थेट रुग्णाला न जाता आधी महापालिकेकडे, तिथून वॉर्डाला, आणि वॉर्डातून रुग्णाला फोन. माझ्या वडिलांना आलेला. पलीकडे पालिकेच्या शाळेतल्या शिक्षिका होत्या. त्यांनी विचारलं, "घरात वेगळं संडास आहे का?" एवढ्या एका प्रश्नावर ठरलं की घरी राहायचं की केंद्रात जायचं. डॅशबोर्ड होताच, पण फोनवरच्या बाईंना आमची चाळ माहीत होती.

तिरकस

>> पोर्टलला गोळ्या लागत नाहीत

माजी एमओ, पेन्शन खरंच चालू आहे ना अजून?

माजी_एमओ

हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये दिला. डिजिटल. बोटांचे ठसे उमटेनात, शेवटी चेहऱ्यावर झालं. बालवाडीच्या आजींची आठवण आली.

आता खरं सांगायचं राहिलंच. मी पाहिलेली सगळ्यात चांगली माहिती व्यवस्था खडूची होती. पल्स पोलिओ, १९९५ पासून. बूथचा दिवस संपला की घरोघर. ज्या घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला त्या दारावर इंग्रजी पी, ज्या घरात मूल राहिलं तिथे एक्स. मुलाच्या डाव्या करंगळीवर शाई. दुसऱ्या दिवशीच्या टीमला वही उघडायची गरज नाही, गल्लीत शिरलं की एक्स दिसतो. पर्यवेक्षक आला की कुठल्याही दारावर थाप मारून करंगळी बघायचा. खोटं लिहिलं तर पंधरा मिनिटांत उघडं. देशातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला, मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्यामागे प्रयोगशाळा होत्या, पैसा होता, सगळं होतं. पण गल्लीत खडू होता.

एक्स ही खूण फक्त उद्या येणाऱ्यासाठी लिहिलेली होती. दिल्लीसाठी नव्हे.

खिडकी_क्रमांक_४

खडू पावसात जातो.

माजी_एमओ

जातो. तोवर काम झालेलं असतं.

लंडनचा_पाऊस

आणि हो, कागदाच्या बाजूने अजून एक. २३ नोव्हेंबर २०२२, दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, सर्व्हर बंद. कित्येक दिवस केसपेपर, रिपोर्ट सगळं हाताने. इथे २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीच्या व्हायरसने एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेची तीच गत केली होती. दोन्ही ठिकाणी कागदावर काम करता येणारी जुनी माणसं शिल्लक होती. पंधरा वर्षांनी असतील का?

खिडकी_क्रमांक_४

आणि वाळवी? पुराचं पाणी? २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात किती कपाटं बुडाली ते विचारा. कागदाला बॅकअप नसतो.

मिरजेचा_तंबोरा

हे मात्र खरं. आमच्याकडे पूर ओसरल्यावर गच्चीवर दोरीला कागद वाळत घातलेले होते, कपड्यांसारखे.

अर्धवट_अभियंता

तीन महिने गप्प होतो, धागा वर काढतोय.

संक्रांतीला पुन्हा गेलो. यावेळी लॅपटॉप घेऊन, कारण चिमणीताईंचं वाचल्यापासून झोप नव्हती. वहिनींना म्हटलं, सगळ्या वह्या काढा. सात निघाल्या. सहा छापील, रकान्यांच्या, त्या हिशोबनीसांसाठी. सातवी साधी, दोनशे पानी, दुरेघी, वर प्लास्टिकचं कव्हर, मध्ये रबरबँड. मी दिवाळीत तिच्याकडे बघितलंही नव्हतं.

त्या सातव्या वहीत लाभार्थी क्रमांक नाही. वाडीवार पानं आहेत, आणि पानावर घरं वाटेच्या क्रमाने, म्हणजे मारुतीपासून वर जाताना जशी लागतात तशी. एक पान उतरवून घेतलं (नावं गाळून):

"माहेरी, पोळ्यानंतर. ३ रा डोस तिकडे झाला का विचारणे."
"सासू नको म्हणते. सासू मंगळवारी बाजारला जाते, मंगळवारी जाणे."
"एचबी ७.८. गोळ्या घेते म्हणते, घेत नाही. डबा बघणे."
"कुत्रं चावतं. हाक मारून थांबणे."

मी यू-विन आणि आरसीएचच्या याद्या शेजारी लावल्या. कुणाचं काय राहिलं हे त्यांतही दिसतं, ते खोटं नाही. पण मंगळवार नाही, कुत्रं नाही. दिवाळीत मी म्हणालो होतो की सवयीचा भाग आहे, ते मागे घेतो. सहा वह्या जाऊ शकतात. हिशोबनीसांनी सांगितलं ते कुणी ठरवलं की जातील. सातवी वेगळ्याच कामाची आहे आणि ती कुणी मागत नाही, म्हणून तर ती खरी आहे. उद्या तिचंही अ‍ॅप करून वर पाठवायला सांगितलं तर त्यात कुत्रं राहणार नाही, "संवेदनशील कुटुंब: होय/नाही" असा रकाना येईल.

रिकाम्या हाताने यायचं नव्हतं म्हणून एक छोटं काम केलं. तालुक्याच्या त्या गूगल शीटसाठी वहिनींना रोज अकरा आकडे बेरीज करून टाकावे लागायचे. फोनवर टॅली शीट जशी भरतात तशी भरली की बेरीज आपोआप होऊन तयार मजकूर निघेल, असं एक पान बनवून दिलं. नेट नसलं तरी चालतं. रोजची वीस मिनिटं वाचली. वहिनींनी तिळगूळ दिला, शेजारच्या दोन उपकेंद्रांच्या बाईंनीही मागून घेतलं.

हिशोबनीस

सहा वह्या माझ्या, सातवी त्यांची. मान्य. सातवी मी कधी मागणार नाही, शब्द देतो.

नंदुरबारची_चिमणी

माझीपण सातवी आहे. रबरबँड निळा.

दादा, ते बेरजेचं पान मला पाठवाल का?

अर्धवट_अभियंता

@चिमणीताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. पण जरा थांबा. आज सकाळी वहिनींचा फोन आला होता. तालुक्याहून नवीन नमुना आलाय, अतितातडीचा. अकराचे चौदा रकाने झालेत, माझं पान बाद. चौदावा रकाना आहे, "सदर माहिती नोंदवहीशी पडताळली आहे काय?"

तिरकस

निरंक.